घराची ढेप

रोहा,
१९ जानेवारी २०२५

ती. पुतळीवहिनीस,

निलेशचा नमस्कार. फोन केला तर तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर "काय ते कागदावर लिवा, तोंडच्या बोलन्याला बूड नसतं" म्हणून ठेवून देता. तेव्हा हे पत्र. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक लिहायची वेळ आली नव्हती. मालू पुढच्या फेरीला सुकी मासळी घेऊन येईल तेव्हा तिच्या टोपलीतून परत पाठवतो. वास आला तर मला बोलू नका.

इकडे सगळं ठीक. धाटावच्या कारखान्यात शिफ्ट चालूच आहे, या आठवड्यात पहिली. किमया अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी पनवेलला जाऊन येऊन करते. अक्षयचा आयटीआय झाला, सध्या घरी आहे. मनालीने तुम्हाला तिळगूळ पाठवलाय.

आता मुद्द्याचं. नारळी पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या खारसोनवडीच्या बांधाला खांड पडली आणि खाडीचं पाणी शेतात शिरलं, त्याला पाच महिने झाले. भात जळलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आता हरेशशेठ म्हणून एक गृहस्थ तालुक्याहून येतात, त्यांना तुम्ही बघितलं असेल. धरमतरकडे जेटीचं काम वाढवणारी एक कंपनी आहे, तिला माल ठेवायला जागा हवी आहे. आपल्या बांधाच्या आतली जमीन सगळी मिळून घेणार म्हणतात. गावातल्या पोरांना काम मिळेल, रस्ता होईल, पाण्याची लाइन येईल. वहिनी, विकास असा दारात चालून रोज येत नाही.

सातबाऱ्यावर कमळाकरदादाच्या जागी तुमचं नाव आहे आणि माझंही आहे. म्हणून दोघांची संमती लागते. कागद सोबत जोडला आहे. खूण केली आहे तिथे सही करा. तुमचं वय होत चाललं, एकट्या किती दिवस चिखलात उभ्या राहणार? रोह्यात आमच्याकडे या. वरची खोली रिकामी आहे, नळाला पाणी आहे.

आपला,
निलेश


खारसोनवडी,
२७ जानेवारी २०२५

अहो भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. वास आला, पण तो मासळीचा नव्हता. खुशाली तीन ओळींत आणि हरेशशेठ पानभर, म्हणजे पत्र कोणासाठी लिहिलंय ते कळलं.

वय होत चाललं म्हणता. मी या घरात आले तेव्हा तुमच्या नाकाचा शेंबूड मी पुसलाय, तेव्हा वयाचं मला सांगू नका. तिळगूळ छान होता. माझ्या धाकट्या जावेला, मनालीला, सांगा, गूळ जरा कमी घाल.

हरेशशेठ दोनदा येऊन गेला. पांढरा शर्ट, पायात बूट, म्हणून बांधावर पाय ठेवत नाही, रस्त्यावरूनच हात करून दाखवतो. मला म्हणाला, "मावशी, ही जमीन आता काय कामाची?" मी म्हटलं, "कामाची नाय तर तुला कशाला पायजे रे बाबा?" तेव्हा हसला आणि मला सोडून पुरुषांशी बोलायला गेला. आमच्याशी तो बोलतच नाही. विमलबाईच्या ओटीवर तिच्या नवऱ्याशी तासभर बोलला आणि विमलबाईकडून चहा घेतला. शेतात वाकून भात लावते ती विमलबाई. तिचा नवरा धरमतरला बार्जवर असतो, त्याला आपला तुकडा कुठं सुरू होतो हेसुद्धा धड सांगता येत नाही.

खांड पडल्यापासून काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते. तळ्याचं पाणी खारं झालं. टँकर येतो त्याची वाट बघत बायका बसतात. शकूच्या पोरीची शाळा हंड्यापायी बुडते आहे. आणि शेतात खाडीतली तिवरं उगवायला लागली आहेत, बोटाएवढी. अजून एक पावसाळा पाणी असंच आत आलं तर ती कमरेएवढी होतील. मग त्यांना हात लावायला कायद्याने बंदी. मग ते शेत नाही, खाडीच. त्या वेळी तुमचा हरेशशेठ येईल आणि म्हणेल, मावशी, तुमची खाडी काय भावाने देता?

म्हणून माझं म्हणणं ऐका. मी कंपनीला नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. आधी बांध, मग बोलणी. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून बोललं की समोरच्याला आपण गरजू दिसतो. सुक्या शेतात उभं राहून बोललं की मालक दिसतो.

रोह्यात राहून तुम्ही जोळीची, सगळ्या घरांनी मिळून बांध राखायची, रीत विसरला असाल, म्हणून आठवण देते. शिमग्यानंतर अष्टमीच्या भांगात पाणी कमी चढतं, तेव्हा बांधाचं काम निघेल. पहिल्या दिवशी घरटी एक गडी चिखलाची ढेप कापतो, बांधावर ठेवतो आणि मोठ्याने घराचं नाव घेतो. ज्या घराची ढेप पडली, त्या घराचा शब्द वर्षभर गावाच्या बैठकीत चालतो. ज्याची पडली नाही, त्याने गप्प बसायचं. तुमचे दादा गेल्यापासून तुम्ही एक दिवस येता आणि ढेप ठेवता. मग आम्ही बायका दिवसभर चिखल हातोहात पोचवतो. या वर्षीही या. दुसरं काही मागत नाही.

कागद फडताळात ठेवला आहे.

पुतळी


रोहा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनीस,

नमस्कार. शेंबडाचं मालूसमोर वाचलं, तिने अख्ख्या बाजाराला सांगितलं. असो.

तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. पण वहिनी, बांध म्हणजे काय खायचं काम आहे? पूर्वी गावात माणसं होती. आता अर्धा गाव कंपनीत, अर्धा जेटीवर. शिफ्ट सोडून चिखलात कोण उतरणार? एक खाडा झाला की ठेकेदार पुढच्या महिन्यात नाव कापतो. मी कंत्राटावर आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी लागलो, आता पोरं लग्नाची झाली. माझ्यानंतर आलेले कायम झाले, मी त्याच गेटपासवर. साहेब बदलतात, ठेकेदार बदलतो, गेटपासावरचा फोटो तेवढा जुना होत जातो.

तेव्हा बांधाचं जोळीत काय ठरतंय ते बघू. जोळीचे म्होरके काळुरामदादा आहेत, ते योग्य तेच करतील. तोपर्यंत कागदावर सही करून ठेवायला काय हरकत आहे? सही म्हणजे लगेच जमीन गेली असं नसतं. उगाच एकटं पडू नये, एवढंच माझं म्हणणं. बाकीच्या घरांनी दिली आणि आपण मागे राहिलो तर लोक म्हणतील, पुतळीमुळे गावाचं अडलं.

तुमच्या काळजीने लिहितो आहे.

निलेश


खारसोनवडी,
२४ फेब्रुवारी २०२५

निलेश,

आज भावोजी म्हणवत नाही.

काल संध्याकाळी देवळात जोळीची बैठक झाली. बायका नेहमीसारख्या मागे, खांबाला टेकून. काळुरामदादाने एकेका घराला विचारलं, यंदा ढेप ठेवणार का. पहिल्या तीन-चार घरांनी मान खाली घातली. मग आपल्या घराचं नाव आलं आणि काळुरामदादा म्हणाला, "निलेशचा निरोप आलाय. त्यांचं घर यंदा नाय."

मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच्या घराचं ऐकलं. उभी राहून विचारलं, "कुनाचं घर?" तर म्हणाला, "तुमचंच गो पुतळी. पंधरा दिवस झाले, हरेशशेठबरोबर निरोप आला."

पंधरा दिवस. म्हणजे तू मला "जोळीत काय ठरतंय ते बघू" लिहीत होतास तेव्हा तूच ठरवून बसला होतास. आणि निरोप पाठवलास कोणाबरोबर, तर ज्याला बांध मोडलेलाच हवा आहे त्याच्याबरोबर! आपल्या घराचं ऐकून मागच्या पाच घरांनीही नाही म्हटलं. पुतळीचं घर नाही म्हणतंय, म्हणजे काहीतरी बातमी असणार, असं लोकांना वाटलं. अर्ध्याहून कमी घरं उरली. निम्म्या घरांची ढेप पडली नाही तर काम काढायचं नाही, ही रीत तुला माहीत आहे.

ज्या घरात मी सकाळी चूल पेटवते, ज्याचं शेत मी लावते, त्या घराचा शब्द तू रोह्यात बसून दिलास. मला विचारलंसुद्धा नाहीस. एवढा राग मला तुझे दादा गेले तेव्हा देवाचासुद्धा आला नव्हता. देवाला काय, तो सांगून जात नाही. तू माणूस आहेस, तुला पत्र लिहिता येतं.

मला उत्तर पाठवू नकोस. मी माझं बघते.

पुतळी


रोहा,
५ मार्च २०२५

प्रिय काकी,

मी किमया. बाबांच्या खिशात तुझं पत्र सापडलं आणि मी वाचलं. हे चुकीचं आहे, पण वाचलं ते बरं झालं. तुझं पत्र आल्यापासून बाबा घरात कोणाशी बोलत नाहीत. जेवतात आणि कामावर जातात.

त्यांनी तुला सांगितलं नाही ते मी सांगते. हरेशशेठने अक्षयला नोकरी कबूल केली आहे. जेटीच्या कंपनीत, कायम. बाबांनी दोन गोष्टी करायच्या: तुझी सही आणायची आणि बांधाला घर द्यायचं नाही. अक्षय आपल्यासारखा गेटपासवर म्हातारा होऊ नये, एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. मी त्यांची बाजू घेत नाही. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. पण तू त्यांना लबाड समजू नयेस असं मला वाटतं. ते घाबरले आहेत. काकी, मी त्यांना हरेशशेठसमोर बसलेलं बघितलं आहे. खुर्चीच्या टोकावर बसतात.

कॉलेजात आम्ही विकासावर शिकतो. किती रस्ते झाले, किती उत्पन्न वाढलं, किती जण कामाला लागले. मी सरांना विचारलं, ज्याला कामावर घेतलं त्याला नको म्हणायची सोय आहे का, हे कुठं धरतात? सर म्हणाले, चांगला प्रश्न आहे, यावरच लिही. तेव्हा लिहायचंच आहे तर मी पुस्तकातून लिहिणार नाही. बाबा नळाला पाणी आहे म्हणतात, तू तळं गोडं करायचं म्हणतेस. दोघं पाण्याचंच बोलता. फरक एवढाच की एका ठिकाणी ते कोणीतरी सोडतं तेव्हा येतं.

मी शिमग्याला येते. बाबा आले नाहीत तरी येते. एक विचारू? ढेप पुरुषानेच ठेवायची हे कोणी ठरवलं? रीत आहे म्हणू नकोस. आतापर्यंत कोणी बाईने ठेवून बघितली आहे का?

तुझी,
किमया


रोहा,
१७ मार्च २०२५

वहिनी,

उत्तर पाठवू नको म्हणालात तरी पाठवतो. किमया शिमग्याला तुमच्याकडे आली ती परतली नाही. फोनवर म्हणते, बांधाचं काम होईपर्यंत येणार नाही. तिची परीक्षा जवळ आली आहे. तिला समजवा.

माझं चुकलं. पण अक्षयचा प्रश्न आहे, तो तुम्हाला कळला असेलच. पोरगा दिवसभर मोबाइल बघत पडून असतो. मी कामावरून आलो की तोंड फिरवतो, कारण मला बघितलं की त्याला त्याचं पुढचं दिसतं. तुम्हाला मूल नाही, म्हणून—

हे वाक्य मी खोडणार होतो. खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं, तुम्ही मला त्याबद्दल मारा. मला तुम्हीच वाढवलंत हे मी विसरलो नाही.

बायका काहीतरी करणार असं मालू म्हणाली. जपून करा. हरेशशेठची माणसं वाईट नाहीत, पण चांगलीही नाहीत.

निलेश


खारसोनवडी,
३१ मार्च २०२५

भावोजी,

काल पाडवा झाला. गुढी उभारली. किमया तुमच्याकडे पोचली असेल. तिच्या हाताला फोड आले आहेत, मनालीला हळद लावायला सांगा.

तुमचं अर्धं वाक्य वाचलं. दोन दिवस पत्र फडताळात पालथं ठेवलं. मग विचार केला, हा माणूस खोडू शकत होता, त्याने खोडलं नाही. निदान लिहिताना तरी खरं बोलला. तेवढ्यावर सोडते.

अष्टमीच्या भांगाला रविवारी तुम्ही आलात, पण आदल्या दिवशीचं, शनिवारचं, तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही. तुम्ही तरी कुठं थांबलात, गाडीची वेळ झाली म्हणून चिखलाच्या पायांनी पळालात. म्हणून लिहिते.

शिमग्याच्या रात्री होळीभोवती आम्ही बायका जमलो तेव्हा ठरलं. मी म्हटलं, मी ढेप ठेवणार. शकू म्हणाली, "आनि काळुरामदादानं काढून टाकली तर?" मी म्हटलं, "तर परत ठेवीन." यापेक्षा मोठी योजना आमच्याकडे नव्हती. किमया मात्र आठवडाभर घरोघर फिरली. ज्यांचे नवरे शिफ्टला त्या बायकांकडे बसली. कोणाला शिकवायला गेली नाही, कांदे चिरायला बसली आणि विचारत राहिली, तुझ्या घराचा शब्द कोण देतं, तुला काय वाटतं ते कोणी विचारलं का. चंद्रावतीचं लग्न झालं त्याला तीस वर्षं झाली. ती म्हणाली, मला हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारतंय. आणि रडली.

शनिवारी सकाळी ओहोटी लागल्यावर काळुरामदादा बांधावर आला. पुरुष थोडेच होते. त्यांनी आपापल्या ढेपा ठेवल्या, घरांची नावं घेतली. काळुरामदादाने बघितलं आणि म्हणाला, "निम्मी घरं होत नाय. काम निघायचं नाय." परत फिरला.

मी खाली चिखलात उतरले. फावड्याने ढेप कापली. एवढी मोठी कापली की उचलताना कंबर धरली, पण लोक बघत होते, आता लहान करता येईना. तशीच वर आणली, ठेवली, आणि मोठ्याने म्हटलं, "घर पुतळी कमळाकरचं. ढेप पडली."

विमलबाईचा नवरा सुट्टीवर होता, तो म्हणाला, "बाईची ढेप धरतात काय?" काळुरामदादाने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "पुतळी, असं कधी झालं नाय गो."

मी म्हटलं, "दादा, चिखल कोन पोचवतं? आमीच ना? भात कोन लावतं? खारं पानी आलं तर हंडा घेऊन कोन बसतं? मग पान्याला कळतं काय, ढेप बाईची हाय का बाप्याची? पानी आडतं का नाय तेवढं बघा."

मला वाटलं आता ओरडणार. भावोजी, तो म्हातारा खाली बसला. त्याची स्वतःची ढेप सगळ्यांत पुढे असते, पहिली, त्याच्या बापापासून. ती त्याने दोन्ही हातांनी थोडी सरकवली आणि माझी ढेप उचलून तिच्या शेजारी घट्ट बसवली. वरून तळहाताने थापटली. म्हणाला, "पुढची आना."

मग शकू आली. चंद्रावती आली. विमलबाई आली तेव्हा तिचा नवरा मान फिरवून उभा राहिला, पण फावडं त्यानेच तिच्या हातात दिलं. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त घरं झाली आणि खांडीच्या तोंडाशी पेंढा आणि चिखल पडायला लागला.

रविवारचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बाही दुमडून पुढे आलात, ढेप कापायला लागलात, आणि काळुरामदादा म्हणाला, "तुज्या घरची पडली रे. तू आता नुसता गडी. जा, रांगेत उभा रा." तुमचं तोंड बघून मला हसू आवरेना. मला वाटलं, चिडून जाल. तुम्ही गेलात आणि चंद्रावती आणि शकूच्या मध्ये उभे राहिलात, आणि खांड बुजेपर्यंत मान वर केली नाहीत. मी बोलले नाही कारण बोलले असते तर रडले असते, आणि हात चिखलाचे होते.

परवा अमावास्येचं उधाण आलं. आम्ही सगळ्या बांधावर जाऊन बसलो. पाणी वर चढत आलं, चढत आलं, आणि नव्या बांधाच्या वीतभर खाली थांबलं. मग उतरलं. जीव भांड्यात पडला. आत एक थेंब आला नाही.

यंदा पीक थोडंच येईल. आतला खार धुऊन जायला एक पावसाळा लागतो. पण तिवरं वाढणार नाहीत. शेत शेतच राहिलं.

अक्षयचं काय झालं ते कळवा. ते मनात आहे.

पुतळी


रोहा,
१३ एप्रिल २०२५

ती. वहिनीस,

सा. न. मालूबरोबर आंबे पाठवले आहेत, चार दिवसांनी पिकतील, दाबून बघत बसू नका.

गुरुवारी हरेशशेठ घरी आला. पेढे घेऊन. एकदम गोड. म्हणाला, "निलेशभाऊ, बायकांनी हौस केली, ठीक आहे. पण शेवटी घरातला कर्ता माणूस तुम्ही. तुम्ही बैठकीत उभे राहा आणि सांगा की आपलं घर जमिनीला तयार आहे. बाकीची घरं तुमच्यामागे येतील, मागच्या वेळी आली तशी." आणि खिशातून अक्षयचं नेमणुकीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. नाव छापलेलं, शिक्का मारलेला. फक्त तारीख घालायची बाकी.

वहिनी, तुमच्यापासून आता काही लपवत नाही. मी ते पत्र हातात घेतलं. अक्षय दारात उभा होता. मला वाटलं, घ्यावं. मोठा मोह झाला. पोराचं नाव असं छापलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. मग खाली बारीक अक्षरं होती ती वाचली. इतकी वर्षं गेटपासावरची बारीक अक्षरं वाचून सवय आहे. नोकरी कायमची नव्हती. नेमणूक अकरा महिन्यांची, ठेकेदारामार्फत. तेच. माझंच पत्र, नाव तेवढं पोराचं.

पण खरं सांगतो, ते वाचायच्या आधीच माझ्या मनात आलं होतं की या माणसाला माझ्याकडून जे हवं ते माझ्याकडे नाही. ती ढेप मी ठेवलेली नाही.

मी पत्र परत सरकवलं. खुर्चीत मागे टेकून बसलो. किमया नंतर म्हणाली, बाबा, तुम्ही टेकून बसलात. मी म्हटलं, "शेठ, त्या घराचा शब्द माझा नाय. ढेप वहिनीची हाय. तुमाला बोलायचं तर खारसोनवडीला जा. आनि रस्त्यावरून हात करू नका, बांधावर चढा."

तो म्हणाला, "पोराचं नुकसान करताय." त्याला उत्तर अक्षयनेच दिलं. "पेढे घेऊन जा," म्हणाला. एवढंच. वहिनी, हा पोरगा माझ्याशी महिनाभर धड बोलला नव्हता. त्या रात्री जेवताना माझ्या ताटाला ताट लावून बसला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने मला विचारलं, गावाकडे काय चाललंय तुझं. बातम्या पोचतात. पुढच्या महिन्यात नाव राहील की नाही माहीत नाही. भीती वाटते, नाही असं नाही. पण मान खाली घालायची वेळ आली नाही.

तुम्हाला मी बोलायला नको ते बोललो होतो. या पत्राने ते पुसलं जाईल असं नाही. तरी पाठवतो.

तुमचा,
निलेश


खारसोनवडी,
४ मे २०२५

प्रिय भावोजी,

तुमचं पत्र वाचून मी चुलीपुढे बसून मनसोक्त रडले. शकू धावत आली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "काय नाय गो. माजं पोर मोठं झालं."

हरेशशेठ आला होता. बांधावर चढला. एका बुटाचा चिखल झाला, तो बघत बघत बोलला. बरोबर कंपनीचा एक साहेब होता, भला वाटला. आम्ही बांधावरच बैठक घेतली. ज्या घरांच्या ढेपा पडल्या ती पुढे बसली. म्हणजे बायका पुढे. विमलबाईचा नवरा मागे खांबाशिवाय अवघडून बसला होता, त्याला टेकायला काही सापडेना.

काळुरामदादा म्हणाला, "पुतळी, तू बोल." मी रात्रभर काय काय ठरवलं होतं. तळ्याचं पाणी, रस्ता, जमीन विकायची नाही तर मुदतीने द्यायची की अजिबात द्यायची नाही, ते सगळं. उभी राहिले आणि सगळ्यांच्या आधी तुमचंच तोंडात आलं. म्हटलं, "साहेब, आमच्या घरचा एक मानूस लग्नानंतर कंपनीत लागला, त्याची पोरगी एम.ए. व्हायला आली, आनि तो अजून कच्चा हाय. त्याचं नाव निलेश. आमची पयली अट ती. जमिनीचं बोलनं मागून. आमच्या पोरांना काम देनार तर पक्कं देनार. बाप्यांना आनि बायांना पन. ठेकेदार मधी नको. हे कबूल नसंल तर आमाला भात लावायचं हाय, तुमी जावा."

तुमची इतकी वर्षं मी त्या बांधावर मांडली, भावोजी. तुम्हाला विचारलं नाही. या बाबतीत आता फिट्टंफाट झाली.

मग चंद्रावती पाण्याचं बोलली. शकू तिच्या पोरीच्या शाळेचं बोलली. साहेब वहीत लिहीत होता. शेवटी म्हणाला, यातलं पुष्कळ माझ्या हातात नाही. काळुरामदादा म्हणाला, "मग ज्याच्या हातात हाय त्याला घेऊन या. घाई नाय. आमी हितंच हावं."

ते येतील किंवा येणार नाहीत. आले तर बोलू, पटलं नाही तर नाही म्हणू. नाही म्हणता येतं हे आता गावाला कळलंय, ते परत विसरायला कोणी तयार नाही. तुमचं नाव ठेकेदाराने कापलं तर सरळ इकडे या, चौघंही. बांधातल्या उघाडीची, पाणी सोडायच्या दाराची, फळी बदलायची आहे, लावणीला माणसं कमी आहेत, आणि अक्षय आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलाय असं किमया सांगत होती, त्याचं इथे काम आहे. फुकट खायला घालणार नाही, राबवून घेईन.

पुढच्या शिमग्याला ढेप मी ठेवते, असं किमया म्हणते. मी म्हटलं, रांग आहे गो, माझे हात अजून चालतात.

मालूबरोबर सुकट पाठवली आहे, आंब्यांच्या बदल्यात. वरचा कागद जपून सोडा, सुकट सांडेल. तुम्ही जानेवारीत पाठवलेला तोच आहे, खूण केलेल्या कोऱ्या जागेसकट. दुसरा चांगला जाड कागद घरात नव्हता.

तुमची,
पुतळीवहिनी